सात वर्षांचा मुलगा कोणाचा? हिजानतचा इतिहास

आपल्या मोहल्ल्यात कुठे तलाक किंवा खुला झाला की मुलांविषयी एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘सात वर्षांपर्यंत आईकडे, मग मुलगा बापाचा.’ सांगणारे इतक्या खात्रीने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावे, ही कुरआनची आयतच आहे. कुरआनात मात्र हा सातचा आकडा नाही. हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) आईबापांच्या भांडणात जे निवाडे दिले, त्यांतही वयाची अशी मर्यादा घातलेली दिसत नाही. मग हा आकडा आला कुठून, तो घालताना फकिहांच्या मनात काय होते आणि पुढे तो इंग्रजांच्या कोर्टात पोहोचल्यावर त्याचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. कारण आज मुलाला आईच्या घरातून उचलून नेणारा बापही हाच आकडा सांगतो आणि मुलाला बापाची भेट नाकारणारी आईही ‘अजून सात कुठे झालीत’ म्हणते.

सुरुवात शब्दापासून करू. मुलाच्या संगोपनाच्या हक्काला अरबीत ‘हिजानत’ म्हणतात. हा शब्द ‘हिज्न’वरून आला आहे. हिज्न म्हणजे काखेपासून कमरेपर्यंतची शरीराची बाजू. उर्दूवाले त्याचा अर्थ ‘गोद’ असा सांगतात, पण मराठीत त्यापेक्षा नेमका शब्द आहे. आपण मुलाला ‘कडेवर’ घेतो ना, तीच ही कड. हिजानत म्हणजे मूल कडेवर असणे. कोर्टाच्या मराठीत मात्र यालाच ‘अज्ञान मुलाचा ताबा’ म्हणतात. घराचा ताबा, जमिनीचा ताबा, तसाच मुलाचा ताबा. शब्द बदलला की भांडणाचा सूरही बदलतो, हे भाषा शिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

फिक्हमध्ये दुसराही एक शब्द आहे, ‘विलायत’. वली म्हणजे मुलाच्या मालमत्तेचा, शिक्षणाचा, निकाहचा कायदेशीर जबाबदार. हिजानत आणि विलायत या दोन गोष्टी फकिहांनी जाणूनबुजून वेगळ्या ठेवल्या. मूल आईच्या कडेवर आणि त्याचा खर्च व मालमत्तेची राखण बापाकडे, अशी ही वाटणी होती. मराठीतला ‘पालक’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता मूळ आधार पाहू. सूरह बकराच्या २३३व्या आयतीत दूध पाजण्याचा पूर्ण काळ दोन वर्षे सांगितला आहे आणि त्या काळात आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. त्याच आयतीत असेही आहे की मुलापायी आईला त्रास दिला जाऊ नये आणि बापालाही दिला जाऊ नये. सूरह तलाकमध्ये तर विभक्त झालेली पत्नी मुलाला दूध पाजत असेल तर तिला त्याचा मोबदला द्या, असा स्पष्ट आदेश आहे. म्हणजे आईचे काम हे काम म्हणून धरले गेले.

हदीसमध्ये अबू दाऊद यांच्या संग्रहात एका बाईची तक्रार आहे. तिने प्रेषितांना सांगितले की या मुलाला मी पोटात वाढवले, अंगावर पाजले, मांडीवर सांभाळले आणि आता मला तलाक दिलेला त्याचा बाप त्याला हिरावून घेऊ पाहतो. प्रेषितांनी उत्तर दिले की दुसरा निकाह करीपर्यंत तुझाच हक्क जास्त आहे. याच संग्रहात दुसऱ्या एका भांडणाची हकिकत आहे. तिथे मुलगा जरा मोठा होता. प्रेषितांनी त्याला आई आणि बाप दोघे दाखवले आणि ज्याचा हात धरायचा तो धर म्हणून सांगितले. मुलाने आईचा हात धरला आणि ती त्याला घेऊन गेली.

मला सर्वांत जास्त विचारात पाडणारी गोष्ट मात्र ह. उमर (रजि.) यांची आहे. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त ती येते. ह. उमर यांची एक पत्नी अन्सारांपैकी होती. तिच्यापासून त्यांना आसिम नावाचा मुलगा झाला आणि पुढे दोघे विभक्त झाले. एकदा ह. उमर कुबाला गेले तेव्हा मशिदीच्या अंगणात आसिम खेळताना दिसला. त्यांनी त्याचा दंड धरला, त्याला उचलले आणि स्वारीच्या जनावरावर आपल्यापुढे बसवले. तेवढ्यात मुलाची आजी, आईची आई, धावत आली आणि मूल ओढू लागली. भांडण खलिफा ह. अबू बकर (रजि.) यांच्यापुढे गेले. तोही म्हणाला माझा मुलगा, तीही म्हणाली माझा मुलगा. ह. अबू बकर यांनी उमर यांना सांगितले की मूल आणि ही बाई यांच्या मध्ये येऊ नका. ह. उमर यांनी त्यावर उलट शब्द काढला नाही.

ह. उमर म्हणजे कोण, हे सांगायला नको. तापट, दरारा असलेले आणि पुढे स्वतः खलिफा झालेले. मुलगा डोळ्यांसमोर खेळताना दिसला आणि बापाचा जीव राहिला नाही, हे आपण समजू शकतो. आजही शाळा सुटताना फाटकाशी असेच काहीसे घडते आणि मग मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन्हीकडची माणसे मोठ्याने बोलू लागतात. फरक इतकाच की तिथे ‘मध्ये येऊ नका’ हे एका वजनदार माणसाला सांगण्याची हिंमत कोणाची होत नाही.

तिसरी घटना ह. हमजा (रजि.) यांच्या मुलीची. ह. हमजा उहुदच्या लढाईत शहीद झाले होते. हिजरी सन ७ मध्ये मुसलमान उमरा करून मक्केहून निघाले तेव्हा त्यांची लहान मुलगी मागे धावत आली. ह. अली, ह. जाफर आणि ह. जैद अशा तिघांनी तिला सांभाळण्याचा हक्क सांगितला. प्रेषितांनी ती जाफर यांच्या घरी दिली, कारण त्यांची पत्नी मुलीची मावशी होती आणि मावशी आईच्या जागी असते. हक्क सांगायला तिघेही पुरुष उभे होते आणि निकाल एका बाईच्या नात्यावरून लागला.

या आधारांवर पुढच्या शतकांत फकिहांनी नियम बांधले. आपल्याकडे बहुसंख्य मुसलमान हनफी, म्हणून ‘हिदाया’ आधी पाहावी. बाराव्या शतकातले मर्गिनानी यांचा हा ग्रंथ. त्यात म्हटले आहे की मुलगा स्वतःच्या हाताने जेवू लागेपर्यंत, पाणी पिऊ लागेपर्यंत, कपडे घालू लागेपर्यंत आणि स्वतःची स्वच्छता करू लागेपर्यंत आईकडे राहील. ही खरी कसोटी. आकडा त्यानंतर येतो आणि तोही खस्साफ या नवव्या शतकातल्या फकिहाच्या नावाने. सर्वसाधारणपणे मूल सातव्या वर्षी या गोष्टी स्वतः करू लागते, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे सात हे वय काजीच्या सोयीसाठी काढलेले एक माप होते. मुलीसाठी मर्यादा वयात येईपर्यंत. शियांमध्ये ही मर्यादा मुलासाठी दोन आणि मुलीसाठी सात वर्षे आहे. एकाच धर्मात इतके वेगवेगळे आकडे आहेत, यावरूनच ते कसे ठरले असतील ते कळते.

सातनंतर मुलगा बापाकडे का? हिदायाचे उत्तर असे की आता त्याला पुरुषांच्या रीतिभाती आणि शिस्त शिकायची असते. ज्या समाजात मुलगा बापाच्या दुकानात, मागावर, शेतावर बसून धंदा शिकत होता, तिथे हे सरळ होते. आता मुलगा सातव्या वर्षी दुसरीत असतो आणि त्याचा बाप आखातात किंवा भिवंडीच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. कारण संपले, आकडा राहिला.

मुलाला विचारावे की नाही, यावर हनफी आणि शाफई यांच्यात जुना मतभेद आहे. हिदाया म्हणते, विचारू नये. मुलाला समज कमी असते आणि जो त्याला खेळू देईल त्यालाच तो निवडेल. वर्गावर उभे राहणाऱ्या कोणालाही हे वाचून हसू येईल, कारण त्यात तथ्य आहे. शाफई म्हणतात, समज आली की विचारावे.

इथे कोकणाचा संबंध येतो. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातले कोकणी मुसलमान शाफई आहेत आणि शाफई फिक्हचा मोठा आधार म्हणजे इमाम नववी यांचे ‘मिन्हाज’. नववी १२७७ साली वारले. त्यांच्या या ग्रंथात हिजानतच्या प्रकरणात जे आहे, ते वाचून आजच्या कोणत्याही समुपदेशकाने मान डोलवावी. समजत्या वयाच्या मुलाने आईला निवडले तर तो रात्री आईकडे राहील आणि दिवसा बापाकडे. बाप त्याला वळण लावेल आणि मकतबात किंवा एखाद्या धंद्यात घालेल. मुलगी आईकडे राहिली तर रात्रंदिवस तिथेच राहील आणि बाप रिवाजाप्रमाणे तिला भेटायला येईल. मूल बापाकडे असेल तर बापाने त्याला आईला भेटण्यापासून अडवू नये. मूल आजारी पडले तर शुश्रूषेचा पहिला हक्क आईचा. आणि एकदा निवड केल्यावर मुलाचे मन बदलले तर त्याला दुसऱ्याकडे जाऊ द्यावे. साडेसातशे वर्षांपूर्वी लिहिलेला हा मजकूर आहे. मुलाचा दिवस आणि रात्र यांची वाटणी, भेटीची सोय, आजारपण, निवड बदलण्याची मुभा, सारे त्यात आहे. आपल्या कोकणी बांधवांपैकी किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे. तिथेही सातचाच आकडा ऐकू येतो.

हनफी फकिहांनीही भेटीचा विचार सोडला नव्हता. तलाक झालेली आई मुलाला घेऊन दुसऱ्या गावी जाऊ शकते का, या प्रश्नावर हिदायात बारीक चर्चा आहे. ते तिचे माहेरचे गाव असेल आणि निकाहही तिथेच झाला असेल तर जाऊ शकते. एरवी लांब जाता येत नाही. पण दुसरे गाव इतके जवळ असेल की बाप मुलाला भेटून रात्री आपल्या घरी परत येऊ शकेल, तर हरकत नाही. अंतर मोजले ते बापाच्या एका दिवसाच्या येण्याजाण्यावरून. पुढे असेही आहे की खेड्यातून शहरात न्यायला हरकत नाही कारण मूल शहरी वळण शिकेल, पण शहरातून खेड्यात नेऊ नये. खेड्यात वाढलेल्यांनी याचा राग मानू नये, ग्रंथ लिहिणारे शहरी होते.

आता इंग्रजांकडे वळू. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ठरवले की निकाह, वारसा अशा बाबतींत मुसलमानांना कुरआनचा कायदा लावायचा. न्यायाधीशांना तो वाचता यावा म्हणून चार्ल्स हॅमिल्टनने हिदायाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १७९१ साली लंडनमध्ये छापले गेले. तेही मूळ अरबीवरून नव्हे, फारसी रूपांतरावरून.

त्या वेळी खुद्द इंग्लंडमध्ये काय होते? १८०४ साली तिथे एक खटला गाजला. द मॅनव्हिल नावाच्या बापाने आठ महिन्यांचे मूल दूध पिणाऱ्या आईच्या अंगावरून नेले आणि आई कोर्टात गेली. कोर्टाने मूल बापाकडेच ठेवले, कारण कायद्याने हक्क बापाचा होता. पुढे १८३६ मध्ये कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेचे तीन मुलगे नवऱ्याने काढून नेले. तिने पत्रके लिहून, खासदारांच्या मागे लागून जो कायदा घडवून आणला, तो १८३९ साली झाला. त्याने आईला काय मिळाले? सात वर्षांखालील मुलांच्या संगोपनासाठी कोर्टात अर्ज करण्याची परवानगी आणि त्यापुढच्या मुलांना भेटण्यासाठी अर्ज करण्याची परवानगी. म्हणजे हॅमिल्टनची हिदाया कलकत्त्यात न्यायाधीशांच्या टेबलावर पोहोचून चार-पाच दशके होत आली, तेव्हा कुठे लंडनच्या बाईला अर्ज करता येऊ लागला. ‘इस्लामने स्त्रीला काय दिले’ या विषयावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. हे उदाहरण मात्र मी त्यांत क्वचितच ऐकले आहे.

पण इथे स्वतःची पाठ थोपटून थांबता येत नाही. इंग्रजी कोर्टात आल्यावर या नियमांचे एक नुकसान झाले. पूर्वी काजी किंवा मुफ्ती ग्रंथ पाहून, मूल पाहून, घर पाहून सांगत असे. १८६४ मध्ये सरकारी कोर्टांतली काजी-मुफ्तींची पदे बंद झाली. मग उरले छापील पुस्तक आणि त्यातले कलम. ‘स्वतः जेवू लागेपर्यंत’ ही कसोटी मागे पडली आणि सातचा आकडा पाठ झाला. मिन्हाजचे इंग्रजी भाषांतर तर १९१४ साली आले. तोवर शाफईंचे नियम हिंदुस्थानी कोर्टांत तळटिपेपुरतेच राहिले होते.

१८९० साली पालक आणि पाल्य कायदा झाला. आजही मुसलमानांचे असे खटले त्याच कायद्याखाली चालतात. त्याच्या १७व्या कलमात मुलाचे हित पाहण्यास सांगितले आहे आणि मूल समजूतदार असेल तर त्याची पसंती विचारात घेण्याचीही मुभा दिली आहे. १९व्या कलमाने मात्र बाप जिवंत आणि लायक असेल तर कोर्टाला दुसरा पालक नेमता येत नसे. त्या कलमात बापाच्या जोडीला ‘किंवा आई’ हे शब्द येण्यासाठी २०१० साल उजाडावे लागले. त्याला एकशेवीस वर्षे गेली.

मधल्या काळात १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलने ‘इमामबंदी विरुद्ध मुतसद्दी’ या खटल्यात निकाल दिला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर एका आईने आपल्याबरोबर अज्ञान मुलांचाही जमिनीतला हिस्सा विकला होता. निकाल लिहिला सय्यद अमीर अली यांनी. प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांनी सांगितले की आईला ठराविक वयापर्यंत मुलाच्या देहाच्या संगोपनाचा हक्क आहे, पण ती त्याची नैसर्गिक पालक नाही, म्हणून तिने केलेली विक्री मुलांवर बंधनकारक नाही. हिजानत आणि विलायत यांतला जुना फरकच त्यांनी मांडला. अनाथ मुलांची जमीन वाचावी, हा त्यातला हेतू समजण्यासारखा आहे. पण परिणाम असा झाला की बाप गेल्यावर पोरांना एकटीने वाढवणारी मुसलमान आई कागदावर कोणीच उरली नाही. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचे नाव लागलेले दिसते, तेव्हा तिला वाटते की आपण पालक आहोत. शाळेची फी भरण्यासाठी त्यातला गुंठा विकायची वेळ आली की कळते, आधी कोर्टातून नेमणूक आणि परवानगी आणावी लागते.

१९३७ च्या शरियत कायद्यात पालकत्वाचा उल्लेख आला, तरी कोर्टांचा कल हळूहळू मुलाच्या हिताकडे झुकत गेला. आईने दुसरा निकाह केला म्हणून ती आपोआप अपात्र ठरते, हे जुने सूत्रही कोर्टे आता डोळे मिटून लावत नाहीत. फिक्हमध्येही ते तितके एकेरी नव्हते. मुलाच्या जवळच्या नात्यातल्या माणसाशी निकाह झाला तर आईचा हक्क जात नसे आणि परक्याशी झालेला निकाह संपला तर हक्क परत येत असे. पुन्हा लग्न करणाऱ्या बापाबद्दल मात्र ग्रंथ गप्प आहेत. सावत्र बाप दिसला, सावत्र आई दिसली नाही.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की १९८६ च्या कायद्यात मुलांसाठी दोन वर्षांची तरतूद असली तरी बापाची मुले पोसण्याची जबाबदारी त्याने संपत नाही. २०१० साली कर्नाटकातून आलेल्या एका खटल्यात आई वारली होती, बापाने दुसरे लग्न केले होते आणि मुले आजोळी मावश्यांकडे होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पालकत्व आणि संगोपन वेगवेगळे आहे, बाप पालक राहूनही तूर्त मुले मावश्यांकडे राहू शकतात. हमजा यांच्या मुलीची आठवण होते की नाही? २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७व्या अहवालात दोघांच्या संयुक्त संगोपनाची शिफारस केली. आणि २०१९ च्या तलाकविषयक कायद्यात अज्ञान मुले आईकडे राहण्याची तरतूद आहे, कशी ते मॅजिस्ट्रेट ठरवील. भेटीच्या दिवसांबद्दल त्यात अक्षर नाही.

कायद्यापेक्षा जास्त गोष्टी आपल्याकडे जमातीच्या बैठकीत आणि मुद्रांकावर मिटतात. उर्दू-मराठी दोन्ही येते म्हणून असे खुलानामे वाचून दाखवायला माझ्याकडे लोक अधूनमधून आणतात. त्यांत मेहर माफ केल्याचा मजकूर असतो, कपाट, पलंग, भांडी यांची नगावार यादी असते. मुलांबद्दल एक ओळ असते. बरेचदा ती ओळ अशी की बाई मुलांवरचा हक्क सोडत आहे, कारण तेवढ्यासाठीच खुला अडून राहिलेला असतो. हनफी फिक्हच्या ग्रंथांत याचेही उत्तर आहे. अशा अटीवर झालेला खुला ग्राह्य धरला जातो आणि ती अट रद्द समजली जाते, कारण हिजानत मुलाचाही हक्क आहे आणि आईला तो सौद्यात देता येत नाही. बैठकीत बसणाऱ्या मौलानांनी एवढे वाक्य वाचून दाखवले तरी अर्धे कागद तिथेच दुरुस्त करावे लागतील.

आणि दुरुस्त करायला बसलेच, तर भांड्यांच्या यादीखाली जागा पुष्कळ असते. मूल आठवड्याचे कोणते दिवस कोणाकडे, रमजान ईद कोणाकडे आणि बकरी ईद कोणाकडे, उन्हाळ्याच्या सुट्टीची वाटणी, शाळेची फी कोण भरणार, आजारपणात कोणाला कळवायचे, दाखला काढताना दोघांची सही लागेल की नाही, बाप परदेशी असेल तर फोन कोणत्या वेळी. हे सगळे एका पानात बसते.